अर्ध्या मिनिटाची रचना

प्रत्येक रेल्वेच्या मुळाशी एक आकडा असतो. तो सापडला की ती रेल्वे उलगडत जाते. आमच्या मुलखातल्या बार्शी लाईटचा आकडा होता पाच टन. कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, असं एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने ठरवलं आणि त्या एका हट्टातून पुढचं सगळं आलं. रुळांमधलं अंतर अडीच फूट, रूळ हलके, पूल स्वस्तातले आणि इंजिनं अशी, की आपलं वजन जास्तीत जास्त चाकांवर वाटून घ्यावं. १८९७ साली ही गाडी कुर्डुवाडीहून बार्शीला आली. १९०६ साली ती पंढरपूरला गेली, १९११ साली लातूरला, १९२७ साली मिरजेला. आमच्या ईट गावाला मात्र रूळ कधीच आले नाहीत. ईटच्या माणसाने एसटीने भूम गाठायचं, तिथून बार्शी, आणि मग गाडी. त्यामुळे रेल्वे म्हटलं की आमच्याकडे लांबचा पल्ला, आधी ठरवलेला दिवस, बांधून घेतलेली दशमी-चटणी आणि स्टेशनावरचे तास-दोन तास, एवढं सगळं डोळ्यांसमोर येतं.

अशा गावातून गेलेल्या माणसाला मुंबईची लोकल लवकर कळत नाही. तिला नाव नसतं, तिच्या तिकिटावर जागेचा नंबर नसतो, पोहोचवायला कोणी आलेलं नसतं. ती येते आणि नीट थांबली असं वाटेपर्यंत सुटलेलीही असते. पण तिच्याही मुळाशी एक आकडा आहे, आणि तो वजनाचा नाही, वेळेचा आहे. एका स्टेशनावर थांबायचं ते साधारण अर्धं मिनिट. लहान स्टेशनांवर त्याहून कमीच. त्या अर्ध्या मिनिटात डब्यातली माणसं उतरली पाहिजेत, फलाटावरची चढली पाहिजेत आणि गाडी हलली पाहिजे, कारण मागची गाडी तीन-चार मिनिटांच्या अंतरावर आलेली असते. लोकलमध्ये जे काही पाहण्यासारखं आहे ते सगळं या अर्ध्या मिनिटातून निघालेलं आहे. सीएसएमटीची इमारत पाहायला जगभरातून लोक येतात, फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या त्या घुमटाखाली उभं राहून माना वर करतात, आणि ते योग्यच आहे. २००४ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. पण लोकलचं रसग्रहण करायचं तर मान थोडी खाली आणावी लागते. पाहायचं ते वेळापत्रक, इंडिकेटर आणि दरवाजा.

आधी या रचनेचा पहिला खर्डा पाहू. तो होता ट्राम. मुंबईला ट्राम सुचवली ती अमेरिकनांनी. १८६५ साली एका अमेरिकन कंपनीने घोड्यांच्या ट्रामसाठी परवाना मागितला आणि तो मिळालाही. पण त्याच वर्षी अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, तिकडचा कापूस पुन्हा बाजारात येणार म्हणून मुंबईच्या कापसाचे भाव कोसळले, शहरातले पैसेवाले रातोरात बुडाले आणि योजना कागदावरच राहिली. ट्राम प्रत्यक्ष धावली ती ९ मे १८७४ रोजी. एक वाट कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरी बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणीला. कुलाबा ते पायधुणी भाडं तीन आणे. गाड्या ओढायला स्टर्न्स अँड किटरिज कंपनीच्या तबेल्यात नऊशे घोडे होते. घोडे गेले आणि ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली. १९२० साली दुमजली ट्राम आली. पुढे रूळ दादरपर्यंत, किंग्ज सर्कलपर्यंत गेले.

ट्रामची लय सावकाश होती. ती रस्त्याच्या मधून जायची आणि रस्त्यावरच्या माणसांच्या, हातगाड्यांच्या, व्हिक्टोरियांच्या चालीशी जुळवून घ्यायची. चालत्या ट्राममधून उतरणं ही तेव्हाच्या मुंबईकराला साधी गोष्ट होती, कारण वेगच तेवढा होता. ट्रामचा गुण असा की तिला स्टेशन लागत नव्हतं. जिना नाही, पूल नाही, फलाट नाही. पायरीवर पाय ठेवला की प्रवास सुरू. म्हाताऱ्या माणसाला, पोर कडेवर असलेल्या बाईला, दोन आण्यांच्या कामासाठी दोन मैल जाणाऱ्या माणसाला तिच्यासारखं वाहन नव्हतं. ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. त्याआधी दोन वर्षं बेस्टने तिची जागा घ्यायला रूळ नसलेली, पण वरच्या तारेतून वीज घेणारी ट्रॉलीबस आणली होती. ग्वालिया टँक ते माझगाव हा तिचा रस्ता. तीही १९७१ साली बंद झाली. 

ट्रामला इतकी जागा दिली याला कारण आहे. लोकलला नेमकं काय जमत नाही, हे ट्रामशेजारी ठेवल्यावरच कळतं. त्यासाठी अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराकडे पाहावं. तिथे मार्केट स्ट्रीट नावाचा हमरस्ता आहे आणि त्याच्या पोटातून बोगदा गेला आहे. एका बोगद्यात रुळांच्या चार ओळी. मधल्या दोन रुळांवरून मोठी गाडी धावते, कडेच्या दोन रुळांवरून ट्रॉली, म्हणजे आपली ट्राम. वाटेत दोन स्टेशनं अशी आहेत की तिथे फक्त ट्रॉली थांबते, मोठी गाडी शेजारून निघून जाते. पुढे ट्रॉली बोगद्यातून वर येते आणि पश्चिमेकडच्या वस्तीत गल्लीगल्लीतून फिरते. लांबच्या माणसासाठी एक वाहन, जवळच्या माणसासाठी दुसरं, आणि दोघांची गाठ एकाच बोगद्यात. ती मोठी गाडी सुरू झाली १९०७ साली, मुंबईत विजेची ट्राम आली त्याच वर्षी. ट्रॉली बोगद्यात शिरली ती त्याच्या दोन वर्षं आधी. आजही दोन्ही चालू आहेत. मुंबईने मात्र ट्राम मोडली आणि जवळचा व लांबचा, दोघांनाही लोकलमध्ये बसवलं.

हे कसं बसवलं, तीच या रचनेतली सगळ्यात देखणी जागा आहे. फिलाडेल्फियाने जे दोन वाहनांत वाटलं ते मुंबईने एकाच वाहनाच्या दोन चालींत वाटलं, धीमी आणि जलद. चार रूळ, दोन धीमे, दोन जलद. चर्चगेटहून सुटलेली धीमी मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड असं करत एकेक स्टेशन घेत जाते. जलद गाडी मुंबई सेंट्रल, दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवली अशी मोजकी घेते. गाणं ऐकणाऱ्याला विलंबित आणि द्रुत वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. इथे ते दोन्ही एकाच वेळी, शेजारी शेजारी चाललेले असतात. धीम्या गाडीच्या खिडकीतून पाहावं, जलद गाडी मागून येते, काही क्षण दोन्ही गाड्यांतली माणसं एकमेकांसमोर स्थिर उभी असल्यासारखी दिसतात आणि मग ती पुढे सरकते. त्यातही मिश्रणं आहेत. अंधेरीपर्यंत जलद आणि पुढे धीमी, कुर्ल्यापर्यंत जलद, ठाण्यानंतर धीमी. लांबच्या माणसाला शहर ओलांडायची घाई असते आणि आपल्या टापूत आल्यावर प्रत्येक स्टेशन हवं असतं. ती गरज वेळापत्रकात बरोबर उतरली आहे. दिवसाला तीन हजारांच्या आसपास फेऱ्या, पंच्याहत्तर लाखांच्या आसपास प्रवासी. हे सगळं अशा चार रुळांवर विणायचं म्हणजे कुठल्याही गाडीला कुठल्याही स्टेशनात रेंगाळायची मुभा नाही. म्हणून अर्धं मिनिट.

अर्ध्या मिनिटाच्या थांब्याला गाडीही तशीच हवी. वाफेचं इंजिन जोर धरायला वेळ घेतं, आणि शेवटच्या स्टेशनात ते पुढून सोडवून मागे जोडावं लागतं. या दोन्ही अडचणी फ्रँक स्प्रेग या अमेरिकन इंजिनिअरने एका युक्तीने काढल्या. १८८८ साली त्याने रिचमंड शहरात विजेच्या ट्रामचं जाळं यशस्वी करून दाखवलं होतं. मग तो इमारतींतल्या विजेच्या लिफ्टकडे वळला आणि तिथून त्याला सुचलं की गाडी ओढायला एक बलदंड इंजिन कशाला? मोटरी डब्यांच्याच खाली बसवा, एकाआड एक पेरा, आणि सगळ्यांची कळ सर्वांत पुढच्या माणसाच्या हाती द्या. शिकागोच्या उंच रेल्वेवर त्याने हे करून दाखवलं ते १८९७ साली. त्याच वर्षी बॉस्टनने रस्त्यावर कोंडलेल्या ट्रॉल्या ट्रेमाँट स्ट्रीटखाली बोगद्यात नेल्या, आणि त्याच वर्षी आमच्या बार्शीत पहिली गाडी आली. बार्शीची गाडी वजन कसं वाटावं हे शिकवत होती, शिकागोची जोर कसा वाटावा हे.

स्प्रेगची युक्ती मुंबईत पोहोचली ३ फेब्रुवारी १९२५ रोजी. व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचं सीएसएमटी, ते कुर्ला, हार्बर मार्गाने. भारतातली ही पहिली विजेची गाडी. पंधराशे व्होल्टच्या एकदिश विजेवर चालणारी. पश्चिमेकडे १९२८च्या जानेवारीत कुलाबा ते बोरिवली विजेवर गेलं. आजही लोकलला इंजिन नाही. दोन्ही टोकांना मोटरमनची केबिन आहे. चर्चगेटला चारच फलाट आहेत. गाडी येते, ज्या टोकाला मोटरमन असतो ते टोक आता शेपूट होतं, आधीच्या शेपटाला नवा मोटरमन चढतो आणि काही मिनिटांत गाडी आल्या वाटेने निघते. तिचं निघणंही ऐकण्यासारखं. मागच्या केबिनमधून गार्ड दोन घंटा देतो, पुढून मोटरमन दोन घंटांनी उत्तर देतो, ब्रेकमधली हवा सुटते आणि बारा डबे एकदम पुढे ओढले जातात. एक्स्प्रेसच्या डब्यांना सुटताना जसे एकामागून एक हिसके बसतात, तसे इथे नसतात. जोर सगळीकडे वाटलेला असतो.

आता थोडं या संहितेच्या लेखकांविषयी. ते दोन आहेत, आणि दोघांनीही मुंबईसाठी म्हणून काही लिहिलं नव्हतं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला घाट चढून दख्खनच्या कापसापर्यंत जायचं होतं. १६ एप्रिल १८५३ रोजी तिची पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेला गुजरातकडे जायचं होतं. तिने १८६७ साली विरारहून शहरात रोजची गाडी सुरू केली. दोघींचे रूळ बेटाच्या दोन अंगांनी उत्तरेकडे गेले आणि शहर त्या रुळांना धरून वाढलं. म्हणून मुंबईचा नकाशा उभा आहे. घाटकोपरच्या माणसाला अंधेरीला रेल्वेने जायचं तर खाली दादरला उतरायचं आणि पुन्हा वर चढायचं, नाही तर बसमध्ये तास काढायचा. ही उणीव भरायला २०१४चा जून उजाडला. वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो आली, लांबी फक्त ११.४ किलोमीटर, पण जुन्या मजकुरातलं सर्वांत मोठं रिकामं घर तिने भरलं. दोन लेखकांची शिवण दिसते ती दादरला. एकाच स्टेशनात दोन रेल्वे, आणि दोघींचे फलाट आपापल्या एकपासून मोजलेले. तीन नंबरवर भेटू म्हटलं तर कुठल्या तीनवर, हा प्रश्न उरायचाच. २०२३च्या डिसेंबरात मध्य रेल्वेने आपले फलाट आठपासून मोजायला सुरुवात केली आणि एक जुना घोळ मिटला.

अर्ध्या मिनिटात चढायचं तर प्रवाशाला गाडी येण्याआधीच ती वाचता आली पाहिजे. लोकलच्या खाणाखुणा त्यासाठी आहेत आणि त्यांची काटकसर पाहण्यासारखी आहे. फलाटाच्या खांबांवर, भिंतींवर तिरके पट्टे असतात. हिरवे-पिवळे असतील तिथे बायकांचा डबा येणार, लाल-पिवळे असतील तिथे पहिला वर्ग. वाचता न येणाऱ्यालाही कळेल आणि पळता पळता कळेल अशी ही लिपी आहे. इंडिकेटरवर तर अक्षरांचीही बचत. ठाण्याला ‘टी’, कल्याणला ‘के’, बोरिवलीला ‘बीओ’. इथवर सोपं. पण कसाऱ्याला ‘एन’ आणि कर्जतला ‘एस’ का? त्या नावांत ती अक्षरं नाहीतच. उत्तर दीडशे वर्षांपूर्वीचं आहे. कल्याणहून रेल्वेचे दोन फाटे निघाले. एक ईशान्येला, कसारा घाटाने इगतपुरीकडे. दुसरा आग्नेयेला, बोरघाटाने पुण्याकडे. त्या इंग्रजी दिशांची पहिली अक्षरं तेवढी इंडिकेटरवर राहिली. रोज सायंकाळी ‘एस’ पाहून पळणारा नेरळचा माणूस नकळत घाट बांधणाऱ्यांचा नकाशा वाचत असतो. आमची लातूर-मुंबई एक्स्प्रेसही याच ‘एस’च्या वाटेने खाली उतरते.

त्या अक्षरापुढे वेळ, आणि वेळेपुढे जलद की धीमी. प्रवाशांनी याचीही पुढची पायरी गाठली आहे. ते गाडीला नाव देत नाहीत, मिनिट देतात. आठ सतराची, नऊ दोनची, सहा एकोणपन्नासची. आमच्याकडे ‘सकाळची बस’ म्हटलं की पुरतं. तिथे सतराची आणि एकविसाची या दोन गाड्या म्हणजे दोन वेगळी माणसं, दोन वेगळे स्वभाव. सतराचीला ओळखीचे लोक, एकविसाचीला भजनी मंडळ, त्याच्या पुढचीत पत्त्यांचा डाव. मिनिटाला इतकं व्यक्तिमत्त्व देणारी दुसरी रचना माझ्या पाहण्यात नाही.

आता दरवाजा. लोकलच्या डब्याचा सारा आराखडा दरवाजाभोवती आहे. डबा १२ फूट रुंद, दरवाजे ऐसपैस, मध्ये धरायला उभा खांब. दरवाजाच्या आत मोठी मोकळी जागा, तिथे बाक नाहीत. सरकते दार आहे, पण ते गर्दीच्या वेळी कोणी ओढत नाही. या उघड्या दरवाजानेच अर्धं मिनिट पुरतं. उतरणारे गाडी थांबण्याआधी उतरायला लागलेले असतात आणि शेवटचा चढणारा गाडी हलल्यावर चढतो, म्हणजे अर्ध्या मिनिटाला दोन्ही टोकांना आणखी काही सेकंद जोडले जातात. हे वेळापत्रकात लिहिलेलं नाही, पण वेळापत्रक त्याच्यावर उभं आहे.

माणसांनी या दरवाजाचं एक शास्त्र तयार केलं आहे. पुढच्या स्टेशनाला उतरायचं असेल तर आधीच्या स्टेशनानंतर सरकायला लागायचं. ‘दादर उतरना?’ असं पुढच्याच्या खांद्याला विचारायचं. तो उतरणार असेल तर त्याच्या मागे लागायचं, नसेल तर त्याच्याशी जागा बदलायची. फलाट डावीकडे येणार की उजवीकडे, हे पाठ हवं. तीन जणांच्या बाकावर चौथा बसतो तो अर्ध्या मांडीवर, आणि त्याला जागा देणं हा हक्क नसला तरी नाकारणं असभ्य मानलं जातं. बसायलाच हवं असेल तर काही जण उलट्या दिशेने आधीच्या टोकाला जाऊन त्याच गाडीने ‘रिटर्न’ येतात. लगेजच्या डब्यात कोळणींच्या पाट्या असतात, आणि डबेवाले आपली डब्यांची लांबलचक पाटी डोक्यावर घेऊन याच अर्ध्या मिनिटात आत शिरवतात. १८९० पासून चालत आलेल्या त्यांच्या धंद्याची सगळी भिस्त गाडी वेळेवर येण्यावर आहे. बायकांच्या डब्यात परतीच्या वेळी मेथी निवडली जाते, मटार सोलले जातात, कानातली आणि पिना विकत घेतल्या जातात. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली अशी पूर्ण बायकांची गाडी सुरू झाली, तेव्हा हे घर एका डब्यातून अख्ख्या गाडीत पसरलं.

या दाटीच्या मजकुरात एक मोकळी जागाही आहे. मानखुर्द सुटलं की हार्बरची गाडी ठाण्याच्या खाडीवर येते. दोन्ही बाजूंनी पाणी, वारा दरवाजातून सरळ आत, आणि डब्यातली बोलणी आपोआप थांबतात. १९९२ साली हा मार्ग वाशीला पोहोचला आणि पुढे पनवेलला गेला. खाडीपलीकडे नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्टेशनं उंच छपराची, रुंद जिन्यांची, फलाटावर उभं राहायला जागा असलेली. तिथे उतरताना कळतं की मशीद बंदर किंवा परळच्या फलाटावर आपण किती आखडून उभे असतो. सँडहर्स्ट रोडला हार्बरची गाडी वरच्या मजल्यावरून आणि मध्य रेल्वेची खालून जाते. जागा नाही म्हणून एकावर एक चढवलेलं ते स्टेशन आणि वाशीचं प्रशस्त स्टेशन एकाच मार्गावर आहेत. एकाच्या घडणीत शहराची टंचाई आहे, दुसऱ्याच्या घडणीत आधी आखून मग वसवलेलं शहर आहे.

इथपर्यंत गुण झाले. पण ज्या जागी गुण आहे, त्याच जागी दोषही आहे. उघडा दरवाजा वेळ वाचवतो आणि माणूस मारतो. नऊ डब्यांच्या गाडीची रीतसर क्षमता साधारण सतराशे माणसांची. गर्दीच्या वेळी तीत साडेचार हजारांपर्यंत माणसं जात. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा जण उभे. पुढे बारा डब्यांच्या, मग पंधरा डब्यांच्या गाड्या आल्या, पण माणसंही वाढत गेली. २०२३ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर अडीच हजारांहून जास्त माणसं मेली. बरीच रूळ ओलांडताना, आणि अनेक चालत्या गाडीतून पडून. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ वळणावर दोन गाड्या शेजारून जाताना दरवाजात लटकलेली माणसं खाली पडली आणि त्यांतली काही दगावली. त्याआधी २०१७च्या सप्टेंबरात एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत तेवीस जण गेले. तिथे दरवाजा नव्हता, पण कारण तेच होतं. अर्ध्या मिनिटाने फलाटावर ओतलेली माणसं बाहेर न्यायला जिना आणि पूल पुरेसे नव्हते.

लोकलवर लिहिणारे बहुतेक जण इथे ‘मुंबई स्पिरिट’कडे वळतात. ११ जुलै २००६ला पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत सात स्फोट झाले आणि दुसऱ्या दिवशी त्याच गाड्या पुन्हा भरून निघाल्या, हे खरं आहे. पण त्याला धैर्य म्हणताना जरा थांबलं पाहिजे. त्या माणसांना दुसरी गाडी नव्हती. वाचकाला पर्याय नसेल तर त्याने पुस्तक हातात घेतलं यात पुस्तकाची थोरवी किती?

म्हणून गुणदोषांचा हिशेब असा मांडावा लागतो. या रचनेचं मर्म काय आहे, उघडा दरवाजा की अर्धं मिनिट? दरवाजा मर्म असेल तर तो लावल्यावर लोकल लोकल राहणार नाही. मला वाटतं, मर्म अर्ध्या मिनिटातही नाही. ते त्याच्या पलीकडच्या एका गोष्टीत आहे, ते म्हणजे पुढच्या गाडीत. अर्धं मिनिट कशासाठी, तर मागून तीन मिनिटांनी दुसरी गाडी यावी म्हणून. फ्रँक स्प्रेगची मोटर, चार रूळ, पट्टे, अक्षरं, घंटा, सगळं त्या पुढच्या गाडीच्या सेवेत आहे. उघडा दरवाजा ही तिथे पोहोचायची स्वस्त वाट होती, एकमेव नव्हे. २५ डिसेंबर २०१७ला बोरिवली-चर्चगेट अशी पहिली वातानुकूलित लोकल धावली, तिचे दरवाजे बंद होतात. सुरुवातीला लोक कुरकुरले, कारण दरवाजा अडवला की गाडी सुटत नाही आणि थांबा लांबतो. २०२५च्या ऑक्टोबरात पूर्ण झालेल्या आरे ते कफ परेडच्या भुयारी मेट्रोत तर गाडीलाही दरवाजे आहेत आणि फलाटालाही. तिथे वेळ पाळायची भिस्त प्रवाशाच्या चपळाईवर नाही, सिग्नल यंत्रणेवर आहे. हीच दिशा बरोबर आहे. जादा रूळ, जवळजवळ गाड्या सोडू शकणारे सिग्नल, रुंद पूल आणि लागणारे दरवाजे. यात खर्च आहे, पण आजवर तो खर्च प्रवाशांनी जिवाने भागवला आहे.

मुंबईची लोकल ही पहिल्या प्रतीची रचना आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. इतक्या थोड्या रुळांवर इतक्या माणसांना इतक्या स्वस्तात, आणि बहुतांशी वेळेवर नेणारी गाडी जगात फार ठिकाणी नाही. पण तिचा शेवटचा खर्डा अजून लिहायचा आहे, आणि तो दरवाजे लावूनच लिहावा लागेल.

तोवर आमच्या भूम, ईट, पाथरूडकडून नोकरीसाठी पहिल्यांदा मुंबईला निघालेल्या पोरांना एवढंच सांगणं. लातूर एक्स्प्रेसमधून कल्याणला किंवा दादरला उतराल आणि समोरची लोकल गच्च भरलेली दिसेल. आपल्याकडे एक बस चुकली की अर्धा दिवस जातो, म्हणून धावून तिच्या दांडीला लटकावंसं वाटेल. लटकू नका. इंडिकेटर वाचा. पुढची गाडी चार मिनिटांत आहे, आणि या रेल्वेतली सगळ्यात चांगली गोष्ट तीच आहे.